कोणाशेजारी कोण

घरात फिशटँक ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या हाती कधी ना कधी तो तक्ता पडतोच. उभ्या रांगेत माशांची नावं, आडव्या रांगेत पुन्हा तीच नावं, आणि मधल्या चौकटी हिरव्या, पिवळ्या नाहीतर लाल. हिरवी म्हणजे खुशाल एकत्र सोडा. लाल म्हणजे छत्तीसचा आकडा. पिवळी म्हणजे तुमचं तुम्ही बघा. नवख्या माणसाला जे मासे आवडलेले असतात, ते हटकून पिवळ्या चौकटीतच भेटतात.

तक्त्याशी माझं वैर नाही, पण त्याचं एक म्हणणं मला पटत नाही. तो धरून चालतो की स्वभाव जातीबरोबरच ठरून येतो. हा गरीब, हा भांडखोर, हा मधला. टाकीसमोर खुर्ची टाकून बसायची सवय लागली की या शिक्क्यांची शाई पुसट व्हायला लागते. माशाचा स्वभाव निम्मा त्याच्या अंगात असेलही. उरलेला निम्मा त्याला किती जागा मिळाली, कसलं पाणी मिळालं आणि बाजूला कोण आहे, यावर ठरतो.

टायगर बार्बचंच घ्या. सुमात्राकडचा हा मासा, पिवळसर अंगावर चार काळे पट्टे, लांबी जेमतेम सहा-सात सेंटिमीटर. दोन-तीन बार्ब एंजल या चपट्या, संथ माशाबरोबर ठेवले की एंजलच्या पोटाखालचे ते दोन लांब, दोऱ्यासारखे पर थोड्याच दिवसांत आखूड दिसू लागतात. बार्ब मागून येतो, टचकन तोडतो आणि आपण त्या गावचेच नाही अशा थाटात पुढे निघून जातो. तेच बार्ब आठ-दहा असू द्या. आता त्यांना आपसातलंच राजकारण पुरतं. कोण पुढे, कोण मागे, कोणी कोणाला दटावायचं, यात दिवस जातो आणि परक्याच्या शेपटीकडे बघायला फुरसत उरत नाही. मासा तोच, फक्त गोतावळा वाढला. (तरी एंजल त्यांच्यात ठेवू नयेच. सवय आवरते, सुटत नाही.)

याउलट ज्याला आपण सरळसरळ खून म्हणू, त्यात भांडण नसतंच. एंजल आणि निऑन टेट्रा दोघेही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. लहानपणी एकत्र छान राहतात. मग एंजल वाढतो, पंधरा सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि निऑन तीन-साडेतीन सेंटिमीटरवर थांबलेला असतो. एके दिवशी मोजणीत एक निऑन कमी भरतो. ना फाटलेला पर, ना पाठलाग, ना कुठे प्रेत. एंजल नेहमीसारखा पानांआडून सावकाश फिरत असतो, थोडा सुस्त. पाण्यात दुष्टावा कमी आणि माप जास्त चालतं: जे तोंडात मावतं ते अन्न. ऑस्करसारखा तीस सेंटिमीटरचा मासा पाळणाऱ्यांना हे लवकर कळतं. बोटभर असताना घेतलेला सिल्व्हर शार्क किंवा सकर पुढे फूटभराचा होणार आहे, हे मात्र घेताना कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही.

सकरचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. ‘काच साफ करतो’ एवढ्या एका पुण्याईवर तो घरोघरी शिरतो. लहानपणी शेवाळ खातोही. मोठा झाला की शेवाळातलं मन उडतं आणि रात्री एंजल किंवा डिस्कससारख्या चपट्या, संथ माशाच्या कुशीला चिकटून तो त्याच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो. तक्त्यात बहुतेक सगळीकडे तो हिरवा.

भांडणापेक्षा मला जास्त भीती वाटते ती न भांडणाऱ्या जोड्यांची. गोल्डफिशला अठरा ते बावीस अंशांचं थंडसर पाणी मानवतं, डिस्कसला अठ्ठावीस ते तीस. एकत्र ठेवले तर ते एकमेकांच्या वाटेलाही जाणार नाहीत. दोघांपैकी एक नुसता खंगत जाईल आणि माणूस औषधं बदलत बसेल. गप्पी आणि मॉलीला क्षारयुक्त, जड पाणी लागतं. मूळच्या नदीतल्या निऑनला मऊ आणि किंचित आम्लधर्मी. टाक्यांमध्येच पिढ्यान् पिढ्या वाढलेले मासे बरंच चालवून घेतात, म्हणून आपलं निभावतं. टाकीतले खरे पहिले रहिवासी तर दिसतच नाहीत. फिल्टरमधले जिवाणू माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे जातात. तेवढा धीर धरला नाही, तर वर कोण कोणाशेजारी ठेवलं याला काही अर्थच उरत नाही.

फायटर तेवढा नावाला जागतो. थायलंडने 2019 साली त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. दोन नर एका पाण्यात ठेवू नयेत हे सर्वांना ठाऊक असतं. पण रंगीत, झुबकेदार शेपटीचा गप्पी नर पाहूनही तो कल्ले फुलवतो, कारण त्याच्या लेखी लांब शेपटी म्हणजे प्रतिस्पर्धी. त्याच टाकीत तळाशी बसणारा कॉरिडोरस मात्र त्याच्या हिशेबात नसतो.

कॉरिडोरस हा माझा लाडका. बारीक वाळूत तो डोळ्यांपर्यंत तोंड खुपसतो, आत काहीतरी शोधतो आणि कल्ल्यांतून वाळूचा भुरका बाहेर सोडतो. मधूनच एकटाच सरळ वर झेपावतो, पृष्ठभागावर हवेचा घोट घेतो आणि तितक्याच घाईने खाली येतो; ही हवा तो आतड्यातून वापरतो. त्याचा डोळा खाली वळतो तेव्हा तो आपल्याकडे बघून मिचकावतोय असंच वाटतं. टोकदार खडी घातली तर त्याच्या मिशा झिजतात. एकटा ठेवला तर कोपऱ्यात दडून बसतो, सहा-सात असले की दिवसभर फौज फिरते. तोंडाची ठेवण पाहिली तरी कोण कुठे राहणार हे समजतं. वर वळलेल्या तोंडाचा हॅचेटफिश पृष्ठभागाखाली, सरळ तोंडाचे टेट्रा मधल्या पाण्यात, खाली वळलेल्या तोंडाचा कॉरिडोरस तळाला. टाकीतल्या शांततेचं बरंचसं श्रेय प्रेमाला नसून या मजल्यांना आहे.

तरी शेजारी एकमेकांकडे लक्ष देत नाहीत असं नाही. सिक्लिड कुळातले लाजरे, छोटे मासे एकटे ठेवले तर आठवडेच्या आठवडे दगडामागे काढतात. समोरच्या मोकळ्या पाण्यात टेट्रांचा थवा सोडला की तेच बाहेर येऊ लागतात. लहान मासे उघड्यावर बिनधास्त फिरतायत, म्हणजे शिकारी जवळपास नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. जाणकार अशा थव्याला डिदर फिश म्हणतात. भीतीही अशीच पसरते. मधमाश्यांच्या नाचासाठी ओळखला जाणारा कार्ल फॉन फ्रिश याने 1938 साली मिनो माशांमध्ये दाखवलं की जखमी माशाच्या कातडीतून पाण्यात उतरणाऱ्या द्रव्याने बाकीचे मासे बिथरतात. म्हणजे एकाला चावा बसला तर खबर सगळ्या टाकीला लागू शकते, आपल्याला सोडून.

सगळ्यात उलटं गणित आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या सिक्लिडांचं. हे खरोखर तापट. सहज सुचणारा उपाय म्हणजे थोडे मासे, भरपूर जागा. अनुभवी लोक उलट टाकी दाटीने भरतात, फिल्टर दणकट लावतात आणि पाणी वरचेवर बदलतात. थोडे असले तर दादा एकालाच धरून मारतो. पुष्कळ असले की मार वाटला जातो आणि कोणी मरत नाही. नवा मासा सोडताना आतले दगडही हलवून ठेवतात. सगळ्यांच्या हद्दी एकदम पुसल्या गेल्या की जुन्यांना नव्याकडे बघायला वेळ नसतो, ज्याला त्याला आपली कपार शोधायची असते. ही युक्ती ज्याला पहिल्यांदा सुचली त्याला माझा नमस्कार.

एवढं सगळं जमवून आणावं, मजले भरावेत, पाणी जुळवावं, आणि मग दोन एंजलांची जोडी जमावी. आदल्या दिवशीपर्यंत अर्धी टाकी मोकळी टाकणारे हे दोघे एक रुंद पान निवडतात, तोंडाने घासून घासून स्वच्छ करतात. मादी पानावरून हळूच सरकत अंड्यांची रांग ठेवते, नर मागोमाग येतो. तिथून पुढे टाकीचे दोन भाग होतात, एक त्यांचा आणि दुसरा उरलेल्यांच्या कोपऱ्याचा. टेट्रा एका कडेला गोळा होतात, कॉरिडोरस फिल्टरच्या नळीमागे, आणि सकरसारख्या आडदांडालाही फटके बसतात. दोघं आळीपाळीने परांनी पाणी ढवळत राहतात, बुरशी लागलेलं पांढरं अंडं वेचून टाकतात. माणूस दुसरी टाकी मांडायच्या तयारीला लागतो, पिल्लांना काय भरवायचं ते विचारून घेतो. आणि मग, पहिलटकर जोड्यांमध्ये पुष्कळदा होतं तसं, पान एकाएकी रिकामं दिसतं. अंडी आईबापांनीच खाऊन टाकलेली असतात. संध्याकाळी खाणं टाकलं की दोघंही टेट्रांच्या बरोबरीने वर येतात, आणि टेट्राही त्यांना जागा देतात.