इमारत पुनर्विकासाला, दुकान दुसऱ्या गल्लीत: गूगलवरचा पत्ता बदलताना

ठाण्यातल्या नौपाडा, पाचपाखाडी, चरई इथल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. रहिवासी बिल्डरचं भाडं घेऊन दुसरीकडे राहायला जातात आणि त्यांच्यापुरता प्रश्न मिटतो. तळमजल्यावरच्या दुकानदाराचा मिटत नाही. गिऱ्हाईक मोबाइलवरचा नकाशा बघत जुन्या जागी येतं, समोर पत्रे ठोकलेले दिसतात आणि ते पुढच्या दुकानात शिरतं. नौपाड्यातलं एक चष्म्याचं दुकान असंच पाचपाखाडीतल्या भाड्याच्या गाळ्यात गेलं. त्याच्या इंटरनेटवरच्या सगळ्या नोंदी हलवायचं काम माझ्याकडे होतं. या कामात खरी मेख क्रमाची आहे. आधी कागद, मग पाटी, मग गूगल, मग बाकीच्या डिरेक्टऱ्या. बहुतेक जण सामान हललं त्याच रात्री मोबाइलवरून पत्ता बदलतात आणि तिथेच अडकतात.

जुनी जागा सोडायच्या आधीच एक काम उरकलं: दुकानाची नोंद कुठे कुठे आहे ते शोधणं. दुकानाच्या नावाने शोधून सगळं सापडत नाही, कारण नावाची स्पेलिंगं दहा तऱ्हेची. फोन नंबरने सापडतं. ठाण्याचा लँडलाइन नंबर तीन प्रकारे टाकून बघायचा: ०२२ लावून, +९१ २२ लावून, आणि नुसते आठ आकडे, दर वेळी अवतरणचिन्हांत. मग मोबाइल नंबर. गूगल, जस्टडायल, सुलेखा, फेसबुक, बिंग, ॲपलचे नकाशे इथल्या नोंदी अपेक्षित असतात. त्याशिवाय कोणी कधी भरल्या हे कोणालाच ठाऊक नसलेल्या चार-दोन नोंदी निघतातच. हे सगळं एका शीटमध्ये उतरवलं: नोंद कुठे, त्यावर नाव काय, पत्ता काय, फोन कोणता, लॉगिन कोणाच्या ईमेलवर.

हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. गूगलची प्रोफाइल, म्हणजे नकाशावर आणि शोधात दिसणारी दुकानाची नोंद, पुष्कळदा जुन्या एजन्सीच्या किंवा नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या जीमेलवर असते. तशी असेल तर मालकीसाठी विनंती पाठवावी लागते. सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात, आणि उत्तर आलंच नाही तर बहुधा स्वतः दावा करता येतो. नवीन मालक म्हणून आत शिरलात तरी पहिले सात दिवस जुन्याला काढता येत नाही की मुख्य मालकी हलवता येत नाही. म्हणजे हे जागा सोडायच्या आठवड्यात सुरू करून भागत नाही.

दुसरी गोष्ट लँडलाइनची. इमारत रिकामी होताना सगळे पहिल्यांदा तो बंद करतात. पण कित्येक जुन्या नोंदी त्याच नंबरवर आहेत आणि त्यांचा ओटीपी त्याच नंबरवर फोन करून बोलून सांगितला जातो. नंबर गेला की ती नोंद तुमची असल्याचं सिद्ध करायचा सोपा रस्ता गेला. म्हणून डबा-वायर निघायच्या आधी लँडलाइनवर असलेली प्रत्येक नोंद ताब्यात घेऊन तिच्यावर मोबाइल नंबर चढवला.

आता कागद. भाड्याच्या गाळ्याचं वीजबिल गाळेमालकाच्या नावावर येतं, दुकानाच्या नव्हे. महावितरणचं बिल दाखवून 'दुकान इथे आहे' हे एकट्याने सिद्ध होत नाही. त्याला नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराची जोड लागते. हीच जोडी जीएसटीलाही चालते. व्यवसायाची मुख्य जागा बदलली की १५ दिवसांच्या आत फॉर्म आरईजी-१४ भरून दुरुस्ती मागायची असते. ती अधिकाऱ्याच्या मंजुरीतून जाते, त्यामुळे प्रमाणपत्रावर नवा पत्ता उमटायला वेळ लागतो. उद्यमची, म्हणजे लघुउद्योग नोंदणीची, दुरुस्ती पोर्टलवर आधारच्या ओटीपीने होते. गुमास्त्याचंही, म्हणजे दुकाने-आस्थापना नोंदणीचंही, बघायचं. २०१७ च्या कायद्यापासून मोजके कामगार असलेल्या छोट्या दुकानाला नोंदणी लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती जपायची. पण त्या पावतीवर जुनाच पत्ता राहिला तर ती आपल्याच विरोधातला पुरावा ठरते, तेव्हा तीही बदलून घेतली.

यात बारकावा नावाचा आहे. जीएसटी प्रमाणपत्रावर दोन नावं असतात: मालकाचं कायदेशीर नाव आणि दुकानाचं व्यापारी नाव. गूगलवर जे नाव आहे ते व्यापारी नावाच्या रकान्यात अक्षरशः तसंच हवं. पाटीवर नुसतं 'अमुक ऑप्टिशियन्स' आणि गूगलवर 'अमुक ऑप्टिशियन्स बेस्ट चष्मा शॉप ठाणे स्टेशन' असं असेल तर ते शेपूट पत्त्याला हात लावायच्या आधी कापावं. असली नावं काही काळ वर दिसतात हे खरं, पण नियमात बसत नाहीत. पत्ता बदलल्यावर प्रोफाइल तपासणीत गेली की पहिलं बोट तिथेच ठेवलं जातं.

पाटीचं म्हणाल तर गूगलला ती कायमची बसवलेली हवी असते. भाड्याच्या गाळ्यात दोनच-तीन वर्षं काढायची म्हणून लोक सुतळीने फ्लेक्स बांधतात. खर्च वाचतो, पण पडताळणीत फ्लेक्स म्हणजे आज आहे, उद्या नाही. साधी एसीपी (ॲल्युमिनियमच्या) शीटवरची अक्षरं पुरतात. मराठी देवनागरीत असणं आणि ती अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नसणं हे कायद्यानेच बंधनकारक आहे. प्रोफाइलवरचं नाव इंग्रजीत असेल तर पाटीवर मराठीच्या खाली इंग्रजी नावही घ्यावं, म्हणजे तपासणाऱ्याला जुळवाजुळव करावी लागत नाही.

मग गूगल. जुनी प्रोफाइल 'कायमची बंद' करून नव्या पत्त्याची दुसरी उघडू नये. वर्षानुवर्षांचे रिव्ह्यू जुन्या प्रोफाइलवर असतात. त्याच प्रोफाइलचा पत्ता बदलायचा. पहिल्या ओळीत इमारत आणि गल्ली, दुसरीत गाळा क्रमांक, पिन कोड करारावर आहे तोच. पिन नकाशावर हाताने ओढून गाळ्याच्या दारावर आणावी लागते, नाहीतर ती रस्त्याच्या मधोमध किंवा सोसायटीच्या मागच्या गेटवर बसते. आणि एका वेळी पत्ताच बदलायचा. नाव, कॅटेगरी, फोन, वेळा असं सगळं एका बैठकीत बदललं की बाहेरून ते प्रोफाइल कोणीतरी हडपल्यासारखं दिसतं.

नवी मुंबईत हेच करताना सेक्टरचा घोळ होतो. 'सेक्टर १७, नवी मुंबई' एवढं लिहिलं तर तो वाशीचा की नेरूळचा की खारघरचा, हे नकाशाने कसं ओळखावं? नोडचं, म्हणजे उपनगराचं, नाव आणि पिन कोड दोन्ही द्यायचे: वाशी ४००७०३, नेरूळ ४००७०६, खारघर ४१०२१०. त्यातही खारघर रायगड जिल्ह्यात, पनवेल महापालिकेत. जीएसटीच्या कागदावर रायगड आणि डिरेक्टरीत ठाणे असे जिल्हे पडलेले मी कितीतरी नोंदींत बघितले आहेत.

पत्ता बदलल्यावर पुन्हा पडताळणी मागितली जाऊ शकते आणि हल्ली ती बहुतेक व्हिडिओने होते. व्हिडिओ अखंड हवा, किमान ३० सेकंदांचा, कापाकापी न केलेला. त्यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: जागा कुठे आहे, धंदा खरा आहे, आणि चित्रण करणारा तो चालवतो. चष्म्याच्या दुकानासाठी मी ठरवलेला क्रम असा. सुरुवात गल्लीच्या तोंडावरून, रस्त्याच्या नावाचा फलक आणि शेजारच्या दोन दुकानांच्या पाट्या वाचता येतील अशा. मग चालत आपल्या पाटीपर्यंत, तिथे दोन सेकंद स्थिर. किल्लीने शटरचं कुलूप उघडायचं, शटर वर. आत फ्रेमचे रॅक, नंबर काढायची ट्रायल फ्रेम आणि भिंगांची पेटी. त्यानंतर मागे जाऊन काच घासायचं मशीन चालू करायचं. गिऱ्हाइकाला ज्या जागी प्रवेश नाही तिथे आपण सहज वावरतो, हा मालकीचा सगळ्यात चांगला पुरावा. शटर आधीच उघडं ठेवून आतून सुरुवात करणारे हाच पुरावा वाया घालवतात.

चेहरे येऊ देऊ नयेत, म्हणून सकाळी दुकान उघडायची वेळ साधावी. भिंतीवर जीएसटीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं असतं. त्यावरून कॅमेरा फिरवू नये, कर क्रमांक आणि बँकेचे तपशील व्हिडिओत नको आहेत. अपलोड वायफायवर करावं आणि स्क्रीन चालू ठेवावी. लांबलचक व्हिडिओ मोबाइल डेटावर अर्ध्यात तुटतो. दीडेक मिनिटात सगळं बसतं. निर्णयाला पाच कामकाजाचे दिवस लागू शकतात. तेवढ्या काळात प्रोफाइलमध्ये खुडबुड करू नये.

व्हिडिओ नाकारला गेला तर कारण सहसा तपशिलात कळत नाही. पण बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: रस्त्यापासून दारापर्यंतचा सलगपणा तुटला, पाटी वाचता आली नाही, किंवा मालकीचं काही दिसलंच नाही. त्याहून जड प्रकार म्हणजे प्रोफाइल निलंबित होणं. तिथे अपील करावं लागतं, आणि अपील पाठवल्यावर पुरावे जोडायला ६० मिनिटंच मिळतात. कागद तेव्हा शोधायला बसलात तर वेळ गेलाच. नव्या पत्त्याचं जीएसटी प्रमाणपत्र, गुमास्त्याची पावती, करार आणि वीजबिल यांच्या पीडीएफ एका फोल्डरमध्ये तयार असल्याशिवाय अपीलचं बटण दाबू नये. अपील चालू असताना दुसरी प्रोफाइल उघडणं म्हणजे प्रकरण हाताने बिघडवणं. कागद आधी म्हणतो ते एवढ्यासाठीच.

डिरेक्टऱ्यांचं काम त्यामानाने सोपं आणि कंटाळवाणं. बिंगवर गूगलची प्रोफाइल थेट आयात करता येते. ॲपलची नोंद फुकट आहे. भारतीय डिरेक्टऱ्यांत ओटीपी टाकून पत्ता बदलता येतो, पण बदल केल्या केल्या विक्रीचे फोन सुरू होतात. एका डिरेक्टरीच्या माणसाने 'पॅकेज घेतल्याशिवाय पत्ता लाइव्ह होणार नाही' असंही ऐकवलं. तो फुकटच झाला. पॅकेज घ्यायचंच असेल तर दोन गोष्टी आधी विचाराव्यात: एकच चौकशी किती दुकानांना विकली जाते, आणि पैसे बँकेतून आपोआप कापायचा मँडेट किती महिन्यांचा आहे. काही ठिकाणी दुकानाच्या नंबरऐवजी डिरेक्टरीचा स्वतःचा नंबर दाखवला जातो. तो वेबसाइटवर किंवा गूगलवर कधीच चढवू नये. मालक नसलेल्या, आपोआप तयार झालेल्या नोंदींपैकी ज्या दोन-तीन शोधात वर येतात त्यांनाच दुरुस्तीचा मेल पाठवला, बाकीच्या सोडून दिल्या. शंभर डिरेक्टऱ्यांत नाव टाकून देतो म्हणणाऱ्यांना मी पैसे देत नाही. तिथे कोणी गिऱ्हाईक शोधायला जात नाही, आणि पुढच्या स्थलांतराला तेवढेच जुने पत्ते वाढतात.

वेबसाइटवर पत्ता तळपट्टीत, संपर्काच्या पानावर, जोडलेल्या नकाशात आणि शोधयंत्रांसाठीच्या स्कीमा कोडमध्ये असतो. हा चौथा हमखास विसरला जातो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसवरचा पत्ताही तसाच.

वेळांकडेही लक्ष द्यावं. नौपाड्याकडची जुनी दुकानं दुपारी शटर ओढतात. प्रोफाइलमध्ये सलग दहा ते नऊ लिहिलेलं असतं, आणि तीन वाजता आलेला माणूस कुलूप बघून एक तारा देऊन जातो. एका दिवसाच्या दोन वेळा टाकायची सोय आहे, ती वापरावी. गणपती-दिवाळीच्या वेळा वेगळ्या भरता येतात.

पत्ता हलल्यावर खरा उपद्रव आपल्याच हितचिंतकांचा. जुन्या जागी पत्रे बघून जाणारे-येणारे नकाशावर 'कायमचं बंद' असं सुचवतात, त्यांच्या नजरेने ते बरोबरच असतं. अशा सूचना स्वीकारल्या जाऊ शकतात, म्हणून सूचनांचे ईमेल चालू ठेवून प्रोफाइल दर आठवड्याला उघडून बघायची. बिल्डरला विचारून पत्र्यांवर नव्या पत्त्याचा बोर्ड लावला, त्यावर नकाशाचा क्यूआर कोड. त्यानंतर अशा सूचना पुष्कळ कमी झाल्या.

क्रमवारीत फरक पडतोच. गूगल तीन गोष्टी मोजतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि प्रसिद्धी. स्टेशनच्या बाजूने 'चष्म्याचं दुकान' शोधणाऱ्याच्या दृष्टीने दुकान आता लांब गेलं, तिथे ते पहिल्या तिनांतून खाली येणार. हे कुठल्याही युक्तीने भरून निघत नाही. उलट नव्या गाळ्याच्या आसपास ते वर येतं. आपल्या खुर्चीत बसून शोधून हे कळत नाही, कारण तिथे अंतर शून्य असतं. कामगिरीच्या अहवालातले शोधशब्द बघावेत. हातात राहतात रिव्ह्यू. चष्मा ताब्यात देताना काउंटरवर क्यूआर कोड पुढे करायचा, सगळ्यांनाच. सूट देऊन रिव्ह्यू घेणं किंवा खूश दिसणाऱ्यांनाच विचारणं, दोन्ही नियमाबाहेर.

इमारत उभी राहिली की हेच सगळं उलट दिशेने करायचं आहे. तेव्हा इमारतीचं नाव आणि गाळा क्रमांक दोन्ही बदललेले असतील, म्हणून जुना पत्ता पुन्हा चिकटवून चालणार नाही. ताबापत्र आणि नव्या नावाचं वीजबिल हातात येईपर्यंत प्रोफाइल पाचपाखाडीतच राहील.