आजी हँग झाली

रविवारी माळा आवरताना माझ्या मुंजीची कॅसेट सापडली. मे १९९१, चिपळूण. मामाने मस्कतहून आणून दिलेला व्हीसीआर अजून चालतो, आणि तो चालतोय तोवर कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला हवी, कारण २०१६ साली फुनाई या शेवटच्या उरलेल्या जपानी कंपनीनेसुद्धा व्हीसीआर बनवणं बंद केलं, बिघडला की नवा कुठून आणणार. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी, कोकणातल्या पावसाने तिलाही सोडलं नव्हतं. ती कापसाने जमेल तशी टिपली. मग पिवळी-पांढरी-लाल वायर, ते यूएसबीचं डबडं, आणि प्ले.

यात घाई चालतच नाही हो. तीन तासांची कॅसेट म्हणजे तीन तासच लागणार, एवढा मोठा कॉम्प्युटर पण तोही आपल्यासोबत मुकाट बघत बसतो. हॅलोजन धरलेला पोरगा वायर ओढत पंगतीत शिरतो आणि ज्याच्यावर उजेड पडेल त्याचा घास हातातच राहतो, मातृभोजनाला मी रडवेला. आई मागून येऊन म्हणाली, "ते पितळी पातेलं वन्सं घेऊन गेल्या बघ." त्यापलीकडे तिला त्या मुंजीत काही दिसलं नाही.

मग चित्र थांबलं. आजी ओसरीवर उभी, नऊवारी, हात पदरात, नजर समोर. दहा सेकंद, वीस सेकंद. मी म्हटलं झालं, हँग झालं सॉफ्टवेअर, आता परत पहिल्यापासून. माउस हलवला, केबल दाबून बघितली, शिव्या तोंडाशी आल्या होत्या, पण कोपऱ्यातला टाइम चालू होता, आणि मग लक्षात आलं की मागे दोरीवरचं धोतर हलतंय. आजीला वाटलं होतं फोटो काढतायत. सेकंदाला २५ फ्रेम आणि तिच्या सगळ्या सारख्या! शेवटी ओठ न हलवता म्हणाली, "झाला का काढून?"

हे तेवढं मी चार वेळा मागे घेऊन बघितलं. जुनी टेप अशी मागेपुढे करू नये म्हणतात, पण केली.

पुढे भिक्षावळ. बायका रांगेने येतायत, मी झोळी धरून ते 'भवति भिक्षां देहि' पुटपुटतोय, आता आजीचा नंबर, ती पदराआडून काहीतरी काढते आणि एकदम सिडनीचं मैदान. ४ मार्च १९९२, वर्ल्डकपमधली पाकिस्तानबरोबरची मॅच. कॅसेटच्या पाठीवरचं प्लॅस्टिक शूटिंगवाल्याने तोडून दिलं होतं, म्हणजे त्यावर कुणी काही टेप करू नये. शाळेत जाताना त्या भोकावर सेलोटेप चिकटवून मॅच रेकॉर्डिंगला लावणारा मीच.

पदराआड काय होतं ते आईलाही आठवत नाही. लाडू असेल म्हणाली, किंवा पैसे.

कॅप्चर बंद केलं नाही. मियाँदादने उड्या मारल्या, आई चहा ठेवून गेली, मॅच आपण जिंकलो.