नारिंगी प्लेट, हिरवी ओंबी

ती प्लेट बघायला शेजारच्या लॅबमधलेही यायचे. बुरशी नेहमीचीच, गव्हाची ओंबी वाळवणारी फ्युजेरियम ग्रॅमिनिएरम. फक्त तिचं केएमटी६ हे जनुक आम्ही उडवलं होतं. त्यातून बनणारं एन्झाइम डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांपैकी एच३च्या २७व्या लायसिनवर (एका अमिनो आम्लावर) मिथाइल गटाची रासायनिक खूण चढवतं आणि या बुरशीच्या जीनोमचा जवळपास एक तृतीयांश भाग त्या खुणेखाली गप्प असतो. खूण गेली की त्यातली कितीतरी जनुकं बोलू लागतात, रंगद्रव्यांची आणि विषांचीसुद्धा. हे २०१३ पासून छापलेलं आहे. तरी ती खुरटी, गर्द नारिंगी वसाहत स्वतःच्या इन्क्युबेटरमध्ये बघणं वेगळंच.

एका सहकाऱ्याने स्लाइडवर 'अतिघातक स्ट्रेन' लिहूनही टाकलं. गव्हाला अजून हातही लागला नव्हता. रंगाला भुलणारे आमच्यात फार.

असा म्यूटंट, म्हणजे जनुक उडवलेली बुरशी, मिळवणं सोपं नसतं. पेशीभित्ती विरघळवणारं एन्झाइम जरा जास्त वेळ राहिलं की प्रोटोप्लास्ट, म्हणजे भित्ती काढलेल्या उघड्या पेशी, फुटतात, कमी राहिलं की डीएनए आत शिरत नाही. वाचलेल्या वसाहतीत जुनी आणि नवी केंद्रकं एकत्र नांदतात, म्हणून एकेका बीजाणूपासून वाढवून पुन्हा तपासावं लागतं. हायग्रोमायसिनवर (नव्या डीएनएमुळे बुरशी ज्यात तगते त्या प्रतिजैविकावर) वाढली म्हणजे जमलं, असं मानणाऱ्यांची मला धास्ती वाटते.

मग फुलोऱ्यातल्या ओंब्यांना बीजाणू टोचले. निकालाच्या दिवशी मूळ स्ट्रेनच्या ओंब्या वरखाली पांढऱ्या पडलेल्या. म्यूटंटच्या हिरव्यागार! टोचलेलं स्पाइकलेट (ओंबीतला फुलांचा एक छोटा झुपका) तेवढं तपकिरी, ओंबीच्या मधल्या दांडीपलीकडे काही नाही.

डीऑक्सिनिव्हॅलेनॉल हे तिचं विष नसेल तर ही बुरशी दांडी ओलांडत नाही, म्हणून आधी संशय तिकडेच. पण ते ओंबीतच मोजायला हवं, आणि बुरशीच्या वस्तुमानाच्या प्रमाणात. मुळात बुरशीच कमी असेल तर विषही कमीच दिसणार. की गप्प जनुकं भलत्या वेळी बोलू लागून सगळंच उघडं पडल्याने गव्हाने तिला आधीच ओळखलं? जनुक परत घातल्यावर रंग, वाढ, रोग सगळं पूर्ववत झालं. म्हणजे कारण केएमटी६च. पण संथ वाढ नडली की चुकलेली वेळ, हे त्यातून सुटत नाही. तितकाच संथ, पण ही खूण शाबूत असलेला दुसरा म्यूटंट शेजारी टोचायला हवा, असं मी म्हणते. त्याला वेळ कुणाकडे नाही.

पेपरच्या मसुद्यात 'रोगकारकतेचं जनुक' असे शब्द आहेत. मी खोडते, सहकारी परत घालतो.