तुम्ही विचारलंत म्हणून: ‘रिव्हिजनिस्ट’ ही शिवी आहे का?

इतिहासकाराला ‘रिव्हिजनिस्ट’, म्हणजे जुनी मांडणी बदलणारा, म्हटलं की त्याने लबाडी केली असंच लोक धरून चालतात. खरं तर जुनी मांडणी तपासणं, चुकली असेल तर दुरुस्त करणं, हे त्याचं रोजचंच काम. पाहायचं ते एवढंच, की दुरुस्ती कशाच्या जोरावर केली.

शिवजन्माची तारीखच घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इ.स. १६२७, हीच सर्वसाधारणपणे मानली जाई. ती आली होती बखरींतून, आणि त्यांतली चिटणीस बखर तर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून जास्त वर्षांनी लिहिलेली. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे देशमुखांच्या घरातली शकावली, म्हणजे सालवार घटनांची टिपणं, प्रसिद्ध केली. तिच्यात नोंद होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार.

एका कागदावर तारीख हलवायची नसते. पण पुढे महाराजांच्या पदरी असलेल्या परमानंदाच्या शिवभारतात तीच तिथी मिळाली, आणि जोधपूरला सापडलेल्या कुंडलीनेही तिलाच दुजोरा दिला. शिवाय गणित करून पाहता येतं: १९ फेब्रुवारी १६३० ला शुक्रवारच येतो. मात्र ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. आजच्या ग्रेगरियनने मोजलं तर १ मार्च येतो, आणि हौशी मंडळींचा घोटाळा नेमका इथे होतो. राज्य सरकारने ही तारीख स्वीकारली ती थेट २००१ मध्ये. मला हा उशीर चांगलाच वाटतो. आक्षेप घ्यायला सगळ्यांना वेळ मिळाला.

आता उलट उदाहरण. हिटलरच्या राजवटीत झालेला ज्यूंचा संहार नाकारणारेही स्वतःला ‘रिव्हिजनिस्ट’ म्हणवतात. डेव्हिड आयर्व्हिंग या ब्रिटिश लेखकाला डेबोरा लिपस्टाट या अमेरिकन इतिहासकार बाईंनी संहार नाकारणारा म्हटलं, म्हणून त्याने लंडनच्या कोर्टात अब्रूनुकसानीचा दावा लावला. बचाव पक्षाच्या वतीने रिचर्ड इव्हान्स या इतिहासकाराने त्याच्या तळटीपा मूळ जर्मन कागदांशी ताडून पाहिल्या. फेब्रुवारी १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांनी जर्मनीतल्या ड्रेस्डेनवर केलेल्या बॉम्बहल्ल्याचंच पाहा. आयर्व्हिंगने उचललेल्या कागदात मृतांचा आकडा २,०२,०४० होता. अस्सल कागदात होता २०,२०४. कुणीतरी शेवटी एक शून्य चिकटवलं होतं! चुका कुणाच्याही होतात, पण त्या दोन्ही बाजूंना पडतात. आयर्व्हिंगच्या चुका हिटलरच्याच सोयीच्या निघत गेल्या. एप्रिल २००० मध्ये तो खटला हरला.

म्हणून नवा दावा समोर आला की त्यातली एक तळटीप निवडा आणि मूळ कागदापर्यंत जा. कागद घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला? दुसरा साक्षीदार स्वतंत्र आहे, की पहिल्याचीच नक्कल? अवतरणातली तीन टिंबं तर हमखास उघडून बघा. अडचणीचं वाक्य बहुधा तिथेच गाळलेलं असतं.

राजकारणात मात्र हा शब्द पुराव्याबद्दल नसतोच, निष्ठेबद्दल असतो. एदुआर्द बर्नस्टाइन या जर्मन समाजवाद्याने १८९९ मध्ये लिहिलं की भांडवलशाही मार्क्सच्या भाकिताप्रमाणे कोसळत नाहीये, तेव्हा संसदेतून सुधारणा करत जावं. तेव्हापासून कम्युनिस्टांमध्ये ही शिवीच झाली. १९६४ साली भारतीय कम्युनिस्ट पक्ष फुटला तेव्हा बाहेर पडलेल्या मार्क्सवाद्यांनी ती श्रीपाद अमृत डांगे यांच्या गटाला दिली. नक्षलबारीच्या सशस्त्र उठावानंतर वेगळे झालेल्यांनी तीच मार्क्सवाद्यांना दिली, वर तिच्याआधी ‘नव’ जोडून.