पवनी पायी बघा

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत बाहेरून आलेला माणूस बहुतेक वेळा तासाभरात परततो. पंचमुखी गणपतीचं दर्शन घ्यायचं, घाटावर फोटो काढायचा आणि गोसीखुर्दचं धरण बघायला गाडी पुढे दामटायची. विदर्भातल्या अष्टविनायकांत हे स्थान येतं, म्हणून एवढी तरी पावलं इकडे वळतात. आम्ही अमरावतीहून नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, धानाची कापणी झालेली, शेतात पुंजणे रचलेले. मांडवात माझ्याजोगं काम नव्हतं, मग पायात बूट घातले आणि निघाले.

सुरुवात परकोटापासून करा. पवनीला तीन बाजूंनी मातीचा उंच तट आणि त्याबाहेर खंदक आहे, चौथ्या बाजूला वैनगंगा. मातीचा तट फार जुना, वरचं दगडी बांधकाम नंतरच्या काळातलं. लांबून ती नुसती झुडपं वाढलेली टेकाडांची रांग वाटते, आणि वर चढल्याशिवाय तिचा आवाका कळत नाही. वरून एका हाताला कौलं, स्लॅब, वाळत घातलेल्या लाल मिरच्या दिसतात आणि दुसऱ्या हाताला थेट शेतं. काही ठिकाणी लोकांनी तटातून पायवाटा पाडल्या आहेत, त्यांनीच चढा. पूर्ण बाही घाला, कारण बाभळीचे काटे सोडत नाहीत. पावसाळ्यात गवत कमरेएवढं होतं, तेव्हा मात्र या नादी लागू नका.

आत उतरलं की गल्ल्या अरुंद होत जातात आणि चौकशी सुरू होते.
"कोनाकडे आल्या जी बाई?"
लग्नघराचं नाव सांगितलं की चहा ठरलेला. नाही म्हणू नका, रस्ता त्या चहावरच कळतो. मला एका आजोबांनी कोष्ट्यांच्या वस्तीकडे धाडलं. रेशीमकाठी लुगड्यांसाठी पवनी एके काळी नावाजलेली होती. मी फिरले त्या आळीत मागाचा आवाज काही कानावर आला नाही. भिंतीवर झाडीपट्टीच्या नाटकाचं पोस्टर होतं, रात्री दहाचा प्रयोग, शेजारच्या गावच्या मंडईत, म्हणजे इकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेत. दिवाळीनंतरच्या दिवसांत येणार असाल तर एक रात्र यासाठी राखून ठेवा आणि सोबत शाल घ्या.

वैजेश्वर घाटावर सकाळी जा. दगडी पायऱ्या, लहानमोठी देवळं, नहाणाऱ्या बायका. पण नदी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. वरच्या अंगाला गोसीखुर्दचं धरण तिचं पाणी अडवतं, आणि नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच वैनगंगेत येतं. पाणी बघायला सुंदर आहे, तोंडात घेऊ नका.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो जगन्नाथ टेकडीपाशी. गावाबाहेर बालसमुद्र तलावाच्या बाजूला ही टेकडी आहे. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा टेकडीवरच्या देवळाखालून मोठा बौद्ध स्तूप निघाला. सांची-भरहूतच्या परंपरेतला हा स्तूप, कठड्यांच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली. आज जागेवर विटांचे अवशेष आणि दगड तेवढे दिसतात. काही वाचून न जाता गेलात तर पाच मिनिटांत कंटाळाल. आदल्या रात्री थोडं वाचून गेलात तर या तटाच्या आत एवढं मोठं नगर का वसलं असेल, हे तलावाकडे बघताना डोक्यात घोळायला लागतं. मी दुपारचं जेवण चुकवलं, त्यावरून मामी दोन दिवस बोलत होत्या.

आता कामाचं. नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे एसटी मिळते, भंडाऱ्याहून अड्याळमार्गे. परतीची शेवटची गाडी उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून ठेवा. नाश्त्याला तर्री-पोहे किंवा आलूबोंडा स्टँडजवळ मिळेल. भिवापुरी मिरचीचा मुलूख आहे, तर्री बेतानं घ्या. मुक्कामाचा भरवसा नसेल तर भंडारा किंवा नागपूर गाठा. एप्रिल-मेमध्ये ऊन असं असतं की सकाळी नऊनंतर तटावर जाण्यात अर्थ नाही. अंधार पडल्यावर एकट्यानं शेतवाटेला लागू नका. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य जवळच आहे, आणि वाघ फाटक बघून थांबत नाही, असं गावकरीच सांगतात.

पवनीत सापडलेल्या वस्तूंपैकी रूपिअम्म या महाक्षत्रपाचा, म्हणजे शक राज्यकर्त्याचा, लेख असलेला स्तंभ नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. रिक्षावाल्याला अजब बंगला म्हणा, लगेच कळेल. तो परतीच्या वाटेवर ठेवा, आणि सोमवारी नको, त्या दिवशी बंद असतो.