तालुक्याच्या गावात फ्लॅट भाड्याने घेताना

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी टू बीएचके भाड्याने घेतला. इथली घरं ॲपवर फारशी नसतातच. मे-जूनमध्ये बँकेतले, शाळा-कॉलेजातले लोक बदलून जातात, तेव्हा घरं रिकामी होतात आणि ते किराणा दुकानदाराला, इस्त्रीवाल्याला सगळ्यांआधी कळतं. शाळा सुरू झाल्या की चांगलं काही उरत नाही. म्हणून एप्रिलअखेरीसच विचारपूस सुरू करावी.

घर बघताना मी खोल्यांआधी पाणी बघितलं. नळ किती दिवसांनी आणि किती वाजता येतो, हे मालकापेक्षा खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारा. हिशेब सोपा आहे: चार माणसं, माणशी रोज 100 लिटर, नळ चार दिवसांनी, म्हणजे 1,600 लिटरचा साठा हवा. दोन फ्लॅटना मिळून 1,000 लिटरची एकच टाकी असेल तर उन्हाळ्यात टँकर ठरलेलाच. त्याचे पैसे कोण देणार, बोअरच्या मोटरचं बिल कसं वाटायचं, हे आधीच बोलून घ्या. घर वरच्या मजल्यावर असेल तर ते दुपारी तीनच्या सुमारास बघा, स्लॅब किती तापतो ते अंगाला कळतं. छताच्या कोपऱ्यात नुकताच रंग मारलेला दिसला तर तिथे ओल असण्याची शक्यता मोठी.

विजेचं मीटर स्वतंत्रच हवं. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: 100 युनिटपर्यंत, 300 पर्यंत, 500 पर्यंत आणि त्यापुढे. एका मीटरवर दोन घरं असली की युनिटांची बेरीज होऊन दोघंही महागड्या टप्प्यात जातात. मग सबमीटर लावून मालक ठोक दर सांगतो. शेवटचं बिल मागून थकबाकी तपासा आणि मीटरचं रीडिंग तारखेसह फोटोत ठेवा.

सगळ्यात जास्त ओढाताण कागदावरून झाली. "अहो, घरच्यासारखेच आहात, स्टँपवर नोटरी करू," असं मालककाका प्रेमाने म्हणतात. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज खोलवर रुजलाय. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ₹5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मी काकांना हीच शेवटची बाब शांतपणे समजावली. नोंदणी त्यांच्याही फायद्याची आहे हे पटलं की माणूस तयार होतो.

खर्चही फार नाही. भाडे ₹7,000, मुदत 11 महिने, म्हणजे ₹77,000. परत मिळणाऱ्या ₹20,000 अनामतीवर वर्षाला 10 टक्के व्याज धरतात, ते 11 महिन्यांचे ₹1,833. बेरजेच्या 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे जेमतेम ₹200. नोंदणी फी शहरी हद्दीत ₹1,000, ग्रामीण हद्दीत ₹500. ऑनलाइन नोंदणी करून देणारा आपली फी वेगळी घेतो, ती आधी ठरवा.

ऑनलाइन नोंदणीत ओळख आधारवरून, अंगठ्याच्या ठशाने पटवतात, आणि अडतं ते तिथेच. वयस्कर माणसांच्या, शेतात राबलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन ठसा घेत नाही. हात धुऊन, कोरडे करून दुसरी बोटं लावून बघावीत. आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे) लॉक केलेलं असेल तर ते लॉक आदल्या दिवशीच पूर्ण काढून ठेवा. आधारवरचं आणि घराच्या कागदावरचं मालकाचं नाव जुळतं का, तेही तेव्हाच बघा.

करारात मी चार गोष्टी आग्रहाने घातल्या: दोन्हीकडून एक महिन्याची नोटीस, किल्ली देताच त्याच दिवशी अनामत परत, रंगाचे पैसे कापायचे असतील तर रक्कम आत्ताच आकड्यात, आणि पंखे, गिझर, नळ यांची यादी. सामान आणण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ते मालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवले. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती मालकाने त्याच आठवड्यात दिली, आणि नोंदवलेला करार पुढे गॅस कनेक्शनसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालला.