कॅरी पिस्तुलाचा शोध : यादी आता दोनवर आली

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये बरीच नावं होती, त्यातली बहुतेक कटाप झाली, दोन उरलीत, ग्लॉक ४३एक्स आणि सिग पी३६५. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते, मी डॅलसच्या बाजूला राहते, शूटिंग ग्रीन कार्ड आल्यावर सुरू केलं (एच-वन-बीवर असताना बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे, शिकारीच्या लायसनची एक पळवाट असते पण त्या भानगडीत मी पडले नाही) आणि आता रोज कपड्याखाली वागवता येईल असं एक ९ एमएम हवंय. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला लायसनशिवायही कॅरी करता येतं, तरी मी एलटीसी (लायसन्स टू कॅरी) काढलं, कारण बाहेरच्या बऱ्याच राज्यांत तेच चालतं. त्याची शूटिंगची परीक्षा ५० गोळ्यांची, ३ यार्डांवरून २०, ७ वरून २०, १५ वरून १०, आणि २५० पैकी १७५ मिळाले की पास. ग्लॉक १९ सारखं भरीव पिस्तूल हातात असेल तर हातचा मळ आहे. हीच परीक्षा खिशात मावणाऱ्या पिस्तुलाने देऊन बघा मग बोलू.

तर मुद्दा असा की बाई गिऱ्हाईक दिसलं की काउंटरवरचा माणूस हमखास सगळ्यात चिमुकलं पिस्तूल पुढे करतो. हात छोटा म्हणून पिस्तूल छोटं, असा हिशेब. मला तो हिशेबच उलटा वाटतो. रुगर एलसीपी घ्या, २००८ पासून बाजारात आहे, ३८० कॅलिबर, रिकामं जेमतेम पावणेतीनशे ग्रॅम, खिशात टाकलं तर विसरून जाल इतकं हलकं. पण वजन कमी म्हणजे धक्का सगळा मनगटात, मूठ इतकी आखूड की दोनच बोटं बसतात, आणि चापही लांबवर ओढावा लागतो. जवळच्या अंतरावर काम होतं, पण एक मॅगझीन (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) संपलं की दुसरं भरायची इच्छा राहत नाही. आणि जे चालवायला नको वाटतं त्याची प्रॅक्टिस कोण करणार?

खरी गंमत ग्लॉक ४३ आणि ४३एक्स शेजारी शेजारी ठेवल्यावर कळते. नळी तीच, सुमारे ३.४ इंच, स्लाईडची (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) लांबीही तीच. फरक फक्त मुठीत, ४३एक्सची मूठ पाऊण इंचाच्या आसपास लांब आणि त्यामुळे ६ ऐवजी १० गोळ्या. ४३ धरलं की माझी करंगळी मॅगझीनच्या बुडाखाली हवेत लटकते, गोळी सुटली की पिस्तूल हातात फिरतं आणि दर वेळी पकड नव्याने जमवावी लागते, म्हणजे दुसरी गोळी उशिरा आणि भलतीकडे. ४३एक्सवर करंगळी बसते आणि तेवढ्यानेच ७ यार्डांवरचा ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) माझ्या तळहाताखाली झाकण्याइतका येतो. रेंजवर दोन्ही भाड्याने घेऊन आलटून पालटून चालवा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

आता गोची अशी की कपड्यातून उठून दिसते ती मूठच. नळी कमरेच्या आत उभी जाते, ती तीन इंच असो की चार, कोणाला दिसत नाही, उलट जरा लांब नळी असली तर बसताना पिस्तूल बाहेर कलत नाही. मूठ मात्र बेल्टच्या वर आडवी राहते आणि वाकलं की कुर्त्याला कोपरा येतो. म्हणजे जी मूठ चालवायला हवी तीच लपवायला नको, सबकॉम्पॅक्ट, म्हणजे या छोट्या वर्गातलं पिस्तूल, निवडणं म्हणजे या पाऊण इंचाचं भांडण. बाकी युट्यूबवर तासन्‌तास चालणारी चर्चा याच्यापुढे किरकोळ आहे.

दुसरी उमेदवार म्हणजे सिग पी३६५. जानेवारी २०१८ मध्ये आली आणि तिने या वर्गाची गणितंच बदलली, कारण तोपर्यंत एवढ्या आकारात सहा-सात गोळ्या असायच्या आणि हिने १० बसवल्या, नळी ३.१ इंच, वजन साधारण अर्धा किलो. मग २०१९ ला स्प्रिंगफील्डची हेलकॅट आली, २०२१ ला स्मिथ अँड वेसनची शील्ड प्लस, सगळे त्याच वाटेवर. हेलकॅट मला जास्त उसळते, शील्ड प्लसचा ट्रिगर मस्त आहे पण मूठ माझ्या हातात नीट बसली नाही, पुढे जाऊया. ग्लॉक २६ चांगलं जुनं खोड आहे पण जाडी पोटाला टोचते. सिगमध्ये मला आवडलेली गोष्ट ही की सीरियल नंबर आतल्या फायर कंट्रोल युनिटवर (ट्रिगरची यंत्रणा) असतो, कायद्याने बंदूक म्हणजे तेवढंच, त्यामुळे मुठीचं प्लास्टिक वेगळं मागवून बदलता येतं. पी३६५एक्स म्हणजे तर पी३६५एक्सएल या मोठ्या भावंडाची लांब मूठ आणि तीच छोटी स्लाईड, १२ गोळ्या. उन्हाळ्यात छोटी मूठ, थंडीत जॅकेटखाली लांब मूठ, असा बेत आहे.

ज्यांना स्लाईड ओढायला जड जाते त्यांनी स्मिथची शील्ड ईझी बघा, आकाराने मोठी आहे पण स्प्रिंग खरंच हलकी आहे. माझ्या सासूबाईंनीही रेंजवर विनासायास ओढली, वर म्हणाल्या, एवढंच होय!

कपड्यांचं सांगते, कारण यावर मराठीत कोणी लिहीत नाही. पातळ पांढरा कॉटन कुर्ता बाद, सगळं दिसतं. गडद रंग, बारीक प्रिंट आणि जरा ताठ कापड असेल तर कोपरा हरवतो. लेगिंग्जला होल्स्टर लावायचं नाही, खाली ओढलं जातं, आतून वेगळा कडक बेल्ट लागतो. होल्स्टर कायडेक्सचंच (कडक प्लास्टिक), ट्रिगर पूर्ण झाकणारं, कारण ग्लॉकला अंगठ्याने लावायची सेफ्टी नसते आणि सिग मी सेफ्टीशिवायची बघतेय. क्लॉ नावाचा एक छोटा पंख असतो, तो बेल्टला रेटून मूठ पोटाकडे वळवतो, दोनेक हजार रुपयांत निम्मं काम होतं. आणि रेंजवर खोल गळ्याचा टॉप घालू नका गं, गोळीचं गरम रिकामं टरफल आत गेलं की नाच होतो, आणि नाचताना हातातलं पिस्तूल समोरच राहायला हवं.

नाशिकहून एकाने विचारलं होतं की हे तिकडे मिळेल का. नाही हो, भारतात ९ एमएम प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेलं कॅलिबर, लायसनवर ३२ बोअर मिळतं, आपल्या कानपूरच्या फॅक्टरीने २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून निर्भीक रिव्हॉल्वर काढलं तेही ३२ चंच.

सध्या घरी रिकामं करून, दोनदा तपासून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून भाचीच्या नवऱ्याच्या ४३एक्सवर ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय चाप ओढायचा सराव, चाललंय. सिग पुढच्या आठवड्यात भाड्याने घेऊन १२४ ग्रेन वजनाच्या गोळ्यांवर बघायची आहे, मग निकाल. तोपर्यंत एक सांगा, आपल्या देवळाच्या दारावर ३०.०६ ची पाटी आहे, म्हणजे आत न्यायचं नाही, तर गाडीत सीटखाली केबलने बांधायचा लॉकबॉक्स कोणता वापरता? किल्लीचा हवा, बॅटरीवाला नको.